घरीच अंडी उबवायची? मशीन घेण्याआधी २१ दिवसांचं गणित समजून घ्या

धाराशिव : उस्मानाबादी शेळीचं नाव देशभर झालं, पण त्याच शेळीच्या शेजारी परसात फिरणारी गावरान कोंबडी मात्र हिशेबात कधी धरली गेली नाही. सोयाबीनचा भाव पडला, पाऊस लांबला, की घरातला किराणा आणि लेकरांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च अनेकदा याच कोंबड्यांवर निघतो. तो पैसा बहुतेक घरांत बाईच्या हातात असतो. आता गावोगाव मोबाईलवर छोट्या उबवणी मशीनच्या जाहिराती येऊ लागल्या आहेत. ‘५० अंडी ठेवा, २१ दिवसांत ५० पिल्लं काढा’ असं त्यात सांगितलं जातं. प्रत्यक्षात पहिल्या खेपेला निम्मी पिल्लं निघाली तरी बरं म्हणायची वेळ येते. बऱ्याच वेळा चूक मशीनची नसते. अंडं मशीनमध्ये जाण्याआधीच खराब झालेलं असतं, नाहीतर शेवटच्या तीन दिवसांत घाई झालेली असते.

कोणतं अंडं उबवायला चालतं?

दुकानात मिळणारं पांढरं अंडं कितीही दिवस उबवलं तरी त्यातून पिल्लू निघत नाही. लेअर फार्मवर कोंबड्यांत कोंबडाच नसतो, त्यामुळे ती अंडी फळलेली नसतात. उबवणीसाठी कोंबड्यासोबत राहणाऱ्या कोंबडीचंच अंडं लागतं. साधारण ८ ते १० कोंबड्यांमागे एक तरणा कोंबडा पुरतो. तोच कोंबडा वर्षानुवर्षे ठेवला, तर त्याच्याच लेकींशी संकर होत राहतो आणि पिल्लं कमजोर निघतात. म्हणून दरवर्षी दुसऱ्या गावचा कोंबडा आणावा.

तलंगीची सुरुवातीची बारीक अंडी घेऊ नयेत. फार मोठं, वेडंवाकडं, पातळ कवचाचं, तडा गेलेलं अंडं बाजूला काढावं. अंडं पाण्याने धुवायचं नाही. कवचावर बारीक छिद्रं असतात आणि वरून एक नैसर्गिक थर असतो. धुतलं की तो थर जातो आणि घाण आत शिरते. थोडी माती लागली असेल तर कोरड्या फडक्याने पुसावी. जास्त घाण असलेलं अंडं सरळ स्वयंपाकाला वापरावं.

जातीबद्दलही एक गोष्ट लक्षात घ्यावी. गिरिराज, वनराज या सुधारित जाती संकरातून तयार केलेल्या आहेत. त्यांची अंडी घरी उबवली तर पिल्लं निघतात, पण आई-बापासारखं वजन आणि अंडी पुढच्या पिढीत टिकत नाहीत. त्यांची पिल्लं दरवेळी अधिकृत केंद्रातूनच घ्यावी लागतात. पशुसंवर्धन विभागाचं असं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरला आहे. गावरान आणि कडकनाथ यांचं तसं नाही. जात शुद्ध ठेवली तर घरच्या अंड्यातून तीच जात मिळते.

मशीनआधीच मरणारं अंडं

अंड्यातला जीव साधारण २०-२१ अंशांच्या वर हळूहळू वाढू लागतो. पुरेशी ऊब मिळाली नाही तर तो अर्धवट वाढतो आणि दम तोडतो. आपल्याकडे मार्च ते मे पत्र्याच्या घरात दिवसा ४० अंशांच्या पुढे पारा जातो. अशा घरात टोपलीत आठ दिवस ठेवलेलं अंडं बाहेरून चांगलं दिसतं, पण आतला जीव कधीच संपलेला असतो. मग दोष मशीनला दिला जातो.

यावर साधा उपाय आहे. घरातल्या थंड कोपऱ्यात ओली वाळू पसरून त्यात मातीचं मडकं निम्मं रोवायचं. मडक्यात कोरडं गवत किंवा भुसकट टाकून त्यावर अंडी ठेवायची, तोंडावर सुती कापड बांधायचं आणि वाळूवर रोज पाणी शिंपडायचं. अंडी निमुळतं टोक खाली करून ठेवावीत. हिवाळ्यात सात दिवस, उन्हाळ्यात तीन-चार दिवसांच्या वर साठवू नयेत. फ्रीजमध्ये फार थंडी असते, तिथे ठेवलेली अंडी उबवायला घेऊ नयेत.

अंडी दुसऱ्या गावाहून दुचाकीवर किंवा एसटीने आणली असतील तर लगेच मशीनमध्ये घालू नयेत. हादऱ्याने आतली हवेची पोकळी हलते. निमुळतं टोक खाली ठेवून १२ ते २४ तास विश्रांती द्यावी, मगच उबवायला ठेवावीत.

खुडूक कोंबडी : सगळ्यात स्वस्त मशीन

दहा-बारा पिल्लंच हवी असतील तर मशीनची गरज नाही. खुडूक कोंबडीच ते काम चोख करते. तिच्या आकारमानाप्रमाणे १० ते १२ अंडी पुरे. जास्त घातली तर कडेची अंडी गार पडतात. टोपलीत भुसकट घालून ती अंधाऱ्या, शांत जागी ठेवावी. कोंबडीला बसवायचं ते रात्री. आधी तिच्या अंगावरच्या उवा-गोचिडांचा बंदोबस्त करावा, नाहीतर ती वैतागून अर्ध्यातच उठते. दाणा-पाणी जवळच ठेवावं. दिवसातून एकदा ती १५-२० मिनिटं उठते, चरते आणि पुन्हा बसते. त्यात बिघडत काही नाही.

पण खुडूक बसलेल्या आणि पिल्लं सांभाळणाऱ्या काळात कोंबडी अंडी देत नाही. गावरान कोंबडी वर्षाला ६० ते ८० अंडी देते, त्यातले दोन-अडीच महिने असे जातात. पिल्लं निघाल्यावर ती वेगळी काढून बल्बखाली वाढवली, तर कोंबडी लवकर अंड्यावर येते. मशीनचा खरा फायदा इथेच आहे. कोंबडी अंडी देत राहते आणि उबवण्याचं काम मशीन करतं.

मशीन : चार गोष्टी सांभाळायच्या

माणसाने कृत्रिम उबवणी आज शोधलेली नाही. इजिप्तमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीपासून मातीच्या भट्ट्यांमध्ये हजारो अंडी उबवली जात होती. तिथला माणूस अंडं पापणीला लावून ऊब ओळखायचा. आज तेच काम थर्मामीटर करतो. बाकी नियम तेच आहेत.

पहिली गोष्ट, ऊब. पंखा असलेल्या मशीनमध्ये ३७.५ ते ३७.८ अंश सेल्सिअस तापमान लागतं. पंखा नसलेल्या पेटीत वरची हवा जास्त गरम असते, म्हणून अंड्याच्या वरच्या पातळीला ३८.५ ते ३९ अंश धरावं. अंडं थोडा वेळ गार पडलं तर पिल्लू उशिरा निघतं. पण पारा ४० च्या वर जाऊन तास-दोन तास राहिला, तर पूर्ण खेप हातची जाऊ शकते. गार पडण्यापेक्षा तापणं जास्त धोक्याचं.

स्वस्त मशीनवरचा आकडा अर्धा-एक अंश चुकीचा असतो. तो तपासायला घरातला ताप मोजायचा पाऱ्याचा थर्मामीटर कामाला येतो. तो झटकून अंड्यांच्या मध्ये ठेवावा. त्याचा चढलेला पारा आपोआप उतरत नाही, त्यामुळे रात्रीतून ऊब जास्तीत जास्त किती गेली होती ते सकाळी कळतं. मात्र थर्मामीटर फुटणार नाही, पारा अंड्यांवर सांडणार नाही, याची काळजी घ्यावी.

दुसरी गोष्ट, ओल. पहिले १८ दिवस हवेत ५० ते ५५ टक्के आर्द्रता आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७५ टक्के. आपल्याकडची हवा माघ-फाल्गुनात कोरडी होते, तेव्हा पाण्याचं भांडं रुंद तोंडाचं ठेवावं. ओल खोल पाण्याने वाढत नाही, पसरट पाण्याने वाढते. ती बरोबर आहे का, हे वजनावरून कळतं. १८ दिवसांत अंड्याचं वजन साधारण ११ ते १३ टक्के घटायला हवं. म्हणजे ५० ग्रॅमचं अंडं ४४ ग्रॅमच्या आसपास यावं. सुरुवातीला दहा अंडी एकत्र वजन करून लिहून ठेवली की पुढे अंदाज येतो. फार घटलं तर पाणी वाढवायचं, घटलंच नाही तर कमी करायचं.

तिसरी गोष्ट, फिरवणं. अंडं एका जागी पडून राहिलं तर आतला जीव कवचाच्या पापुद्र्याला चिकटतो. कोंबडी चोचीने दिवसातून कितीतरी वेळा अंडी उलटसुलट करते. हाताने करायचं असेल तर अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलने फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढावा. दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवावं. वेळा विषम ठेवल्या की रात्रभर एकच बाजू रोज वर राहत नाही. हात स्वच्छ असावेत.

चौथी गोष्ट, हवा. अंड्यातलं पिल्लू कवचाच्या छिद्रांतून श्वास घेतं. पहिल्या आठवड्यात हवा कमी लागते, शेवटच्या आठवड्यात भरपूर लागते. ऊब जाते म्हणून मशीनची भोकं बुजवणारे पिल्लं गुदमरून घालवतात.

कोणत्या दिवशी काय?

दिवस १ : अंडी ठेवण्याआधी मशीन रिकामं एक दिवस चालवून ऊब स्थिर करून घ्यावी. मडक्यातली थंड अंडी काही तास घरातल्या हवेत ठेवून मग आत घालावीत.

दिवस २ ते ३ : आतल्या जीवाचं काळीज याच वेळी धडकू लागतं. हे पहिले दिवस फार नाजूक, विनाकारण झाकण उघडू नये.

दिवस ७ : अंधारात मोबाईलच्या टॉर्चवर अंड्याचं रुंद टोक धरावं. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मध्ये काळा ठिपका दिसला तर जीव आहे. अंडं स्वच्छ पिवळसर दिसलं तर ते फळलेलंच नाही. लाल रंगाचं कडं दिसलं तर जीव सुरुवातीलाच मेला आहे. अशी अंडी काढून टाकावीत.

दिवस १४ : पुन्हा तपासणी. अंडं गडद आणि वर हवेची पोकळी मोठी दिसायला हवी. वास येणारं, घामेजलेलं अंडं लगेच बाहेर काढावं. ते फुटलं तर बाकीची अंडी नासतात.

दिवस १८ : फिरवणं बंद. अंडी आडवी ठेवायची, पाणी वाढवायचं, खाली जाळी किंवा खरबरीत कापड टाकायचं. गुळगुळीत तळावर पिल्लांचे पाय फाकतात.

दिवस १९ ते २१ : पिल्लू आधी हवेच्या पोकळीत चोच घालून पहिला श्वास घेतं, मग कवचाला टोच मारतं. टोच दिसल्यापासून बाहेर पडायला २४ तास लागू शकतात. या वेळात ते अंड्यातलं रक्त आणि बलक पोटात ओढून घेत असतं. दया येऊन कवच सोललं तर रक्त जाऊन पिल्लू दगावतं. झाकण उघडलं की ओल उडते, पापुद्रा वाळतो आणि बाकीची पिल्लं आतच अडकतात. या तीन दिवसांत हात बांधून बसायचं. पूर्ण वाळलेलं पिल्लूच बाहेर काढायचं. पोटातल्या बलकावर ते दोन दिवस दाणा-पाण्याशिवाय राहू शकतं, त्यामुळे घाईचं कारण नाही.

लाईट गेली तर?

खेड्यात खरी परीक्षा इथे होते. हिवाळ्यात दोन-तीन तास लाईट गेली तर घाबरायचं कारण नाही. झाकण उघडायचं नाही, मशीनवर गोधडी टाकायची, वेळ लांबला तर बाजूने गरम पाण्याच्या बाटल्या लावायच्या. शेवटच्या आठवड्यात मात्र पिल्लं स्वतःची ऊब तयार करतात. पंखा बंद पडून मशीन गच्च झाकलेलं असेल तर आतला पारा उलट चढतो. त्यामुळे १५ दिवसांनंतर हवेची भोकं उघडीच ठेवावीत आणि थर्मामीटरवर नजर ठेवावी.

उन्हाळ्यातला धोका वेगळा आहे. मशीनचा कंट्रोलर गरम करू शकतो, थंड करू शकत नाही. पत्र्याच्या खोलीतच पारा ४२ वर गेला तर आतली अंडी शिजणारच. ज्यांच्याकडे जुनं माळवदाचं घर आहे, त्यांनी मशीन तिथे ठेवावं. जाड भिंती आणि मातीचं छत यामुळे दिवसभर तापमान फार हलत नाही. २२ ते २८ अंशांची खोली उत्तम. माळवद नसेल तर एप्रिल-मेमध्ये मशीन बंदच ठेवलेलं बरं.

थर्माकोलची पेटी, दोन बल्ब आणि कंट्रोलर जोडून घरीच मशीन बनवणारेही आहेत. त्यांनी दोन गोष्टी पाळाव्यात. एलईडी बल्ब ऊब देत नाही, जुना पिवळा बल्बच लागतो. आणि बल्ब थर्माकोलला किंवा कापडाला टेकता कामा नये, आग लागते. दोन बल्ब लावल्याने एक उडाला तरी खेप वाचते.

कधी ठेवायची अंडी?

आपल्या भागात गावरान कोंबड्याला खरी मागणी आखाडात असते. श्रावण लागला की बाजार पडतो, नवरात्रात तर तुळजापूरच्या जिल्ह्यात विचारायलाच नको. गावरान पिल्लू विक्रीच्या वजनाला यायला साधारण पाच महिने लागतात. म्हणून वेळ अमावस्या झाली की मशीन लावावं. जानेवारीअखेर पिल्लं निघतात, कडक उन्हाळा लागेपर्यंत ती पिसांत येतात आणि आखाडाला विकायला तयार होतात. दुसरी खेप ऑगस्टनंतर, हवा थंडावल्यावर घ्यावी.

पिल्लू निघालं, पण वाचलं पाहिजे

पहिल्या आठवड्यात बल्बखाली ३५ अंश ऊब लागते. पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी करावी. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघावं. बल्बखाली गर्दी केली तर थंडी वाजते, कडेला पळून चोच उघडी ठेवली तर उकडतंय, सगळीकडे पसरून चिवचिव करत फिरली तर बरोबर आहे. जमिनीवर शेंगांची टरफलं किंवा लाकडाचा भुसा टाकून पहिले दोन-तीन दिवस वर कागद अंथरावा. पाण्याचं भांडं उथळ असावं, खोल भांड्यात पिल्लं बुडून मरतात. सुरुवातीला बारीक मका भरडा चालतो, पण नंतर प्रथिनं असलेलं पिल्लांचं खाद्य द्यावंच लागतं. नुसत्या कणीवर पिल्लं वाढत नाहीत.

सगळ्यात मोठा घात मानमोडीचा. एकदा गावात शिरली की आठ दिवसांत खुराडं रिकामं होतं आणि औषधाचा उपयोग होत नाही. उपाय फक्त लस. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, दुसऱ्या आठवड्यात गंबोरो, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, सहा ते आठ आठवड्यांदरम्यान देवीची लस आणि त्यानंतर मानमोडीची मोठ्या पक्ष्यांची लस. अडचण अशी की लसीची कुपी शंभर किंवा जास्त पक्ष्यांची असते आणि तयार केल्यावर दीड-दोन तासांतच संपवावी लागते. वीस पिल्लांसाठी कोण आणणार, म्हणून लस राहून जाते. चार-पाच घरांनी एकाच आठवड्यात अंडी ठेवली, तर एक कुपी सगळ्यांना पुरते. बचत गटाच्या बैठकीत हे सहज ठरू शकतं. लस बर्फातूनच आणावी.

जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात आणि जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला कावळ्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला होता. दोन्ही जिल्हे आपल्या जवळचेच. त्यामुळे मेलेल्या पक्ष्यांच्या गावातून अंडी आणू नयेत. एकदम जास्त पक्षी मेले तर ते उकिरड्यावर न टाकता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर कळवावं.

लोखंडाचा तुकडा आणि विजेचा कडकडाट

टोपलीत लोखंडाचा तुकडा किंवा कोळसा ठेवला म्हणजे विजेच्या आवाजाने अंडी नासत नाहीत, असं जुनी माणसं सांगतात. आवाजाने अंडी नासत नाहीत. पावसाळ्यात टोपली भिजते, कोंबडी घाबरून उठते, अंडी गार पडतात आणि बुरशी लागते. तुकडा ठेवल्याने नुकसान नाही, पण टोपली कोरडी ठेवणं जास्त गरजेचं. लांबट अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून कोंबडी निघते, हेही खरं नाही. नर-मादी अंडं कोंबडीच्या पोटातच ठरतं, कवचाच्या आकारावरून कळत नाही.

हिशेब करूनच मशीन घ्या

समजा ५० अंडी १२ रुपयांप्रमाणे ६०० रुपयांची झाली. छोट्या मशीनला २१ दिवसांत साधारण २५ युनिट वीज लागते, ती २०० रुपये धरली. सातव्या दिवशी ८ अंडी रिकामी निघाली, उरलेल्या ४२ मधून ३२ पिल्लं बाहेर पडली. म्हणजे एक पिल्लू २५ रुपयांना पडलं. त्यात मशीनची किंमत आणि मेहनत धरलेली नाही. ३२ पैकी चार दगावली तर २८ उरतात, त्यातले निम्मे कोंबडे. आकडे आपापल्या बाजाराचे घालून बघावेत. तयार पिल्लू याहून स्वस्त मिळत असेल तर मशीन घेण्यात अर्थ नाही. घरचीच अंडी असतील, शेजाऱ्यांची अंडी उबवून द्यायची असतील किंवा शुद्ध गावरान-कडकनाथ जपायची असेल, तर मशीन परवडतं.

मोठा व्यवसाय करायचा असेल तर राष्ट्रीय पशुधन अभियानात एक हजार मूळ पक्षी, उबवणी केंद्र आणि पिल्लं वाढवण्याच्या युनिटसाठी ५० टक्के, कमाल २५ लाखांपर्यंत अनुदान आहे. लहान शेतकऱ्यांनी तलंगा गट किंवा एक दिवसाच्या पिल्लांच्या योजनेची चौकशी पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात करावी. तांत्रिक माहितीसाठी तुळजापूरचं कृषी विज्ञान केंद्र आहे.

सुरुवात मात्र एका वहीपासून करावी. किती अंडी ठेवली, कोणत्या घरची, सातव्या दिवशी किती रिकामी, किती टोच मारून मेली, किती जगली, हे लिहून ठेवावं. रिकामी जास्त निघाली तर दोष कोंबड्याचा किंवा साठवणीचा. मधल्या दिवसांत मेली तर ऊब किंवा फिरवण्याचा. शेवटी कवचात अडकून मेली तर ओलीचा किंवा झाकण उघडण्याचा. दोन खेपांची नोंद असली की तिसऱ्या खेपेला कुणाला विचारायची फारशी गरज पडत नाही.